आईचा राहिलेला शॉट

कॅमेरा शिकायला मी गेले ती कलेच्या ओढीनं वगैरे नाही. गिरणीच्या आवाजातून दिवसाचे काही तास तरी सुटका व्हावी, एवढाच माझा डाव होता. रिठदला आमचं घर आणि गिरणी एकाच भिंतीला पाठ लावून उभी होती. लाइन आली की बाबा पट्टा चढवायचे आणि ताटातलं वरणसुद्धा थरथरायला लागायचं. भारनियमनाचे दिवस. लाइन कधी पहाटे यायची, कधी भर दुपारी, आणि ती आली की बाया डबे डोक्यावर घेऊन धावत सुटायच्या. गहू आधी, ज्वारी मग, हरभऱ्याची डाळ सगळ्यांत शेवटी, कारण बेसनाच्या पाठीवर ज्वारी दळली की भाकरीला वास लागतो आणि ती बाई दुसऱ्या दिवशी भाकरी हातात घेऊन भांडायला येते. बाबांचे कान त्या आवाजानं निम्मे गेले होते. त्यामुळे ते सगळ्यांशी ओरडूनच बोलत. देवळात हळू बोलायचं म्हणून हळू बोलले तरी पुजारी दचकायचा. भुवया, पापण्या, कानांवरचे केस बारा महिने पांढरे. अंघोळ करून बाहेर आले की दुसराच कोणी माणूस घरात शिरल्यासारखं वाटायचं.

घरात आम्ही तिघं आणि थोरली आत्या. आत्याचं सासर कामरगावचं. नवरा गेला तेव्हा ती माझ्या तेव्हाच्या वयाचीही नव्हती. भावाकडे परत आली ती कायमची. तिचे नियम तिनं कोणी न सांगता पाळले आणि मग सांगून सांगून आमच्याकडून पाळून घेतले. तिन्हीसांजेला केर काढायचा नाही, जात्या माणसाला कुठं म्हणून विचारायचं नाही, बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. घरात काही शुभ असलं की ती आपण होऊन मागच्या खोलीत जाऊन बसे. कोणी बोलवायला गेलं तर म्हणे, "तुमचं होऊ द्या बापा, माहं काय काम तिथं." लहानपणी मला तिचा फार राग यायचा. आता माझे केस पिकलेत, मी तिच्या वयाकडे सरकते आहे, तसा राग विरत चाललाय. धाक मात्र शिल्लक आहे. अजूनही संध्याकाळी मी झाडू हातात घेत नाही.

वाशीमच्या कॉलेजात जनसंवादाचा वर्ग नवा निघाला होता आणि त्यात मुली नव्हत्या म्हणून मला सहज घेतलं. रोज सकाळी जीपमध्ये कोंबून घेऊन जायचं आणि दुपारी कोंबून घेऊन यायचं. गावंडे सर आम्हाला शिकवत. विभागात कॅमेरा एकच, टेपवर चालणारा, आणि तो कपाटातून काढताना सर पोरीची पाठवणी करत असल्यासारखा चेहरा करत. पहिले कितीतरी दिवस त्यांनी आम्हाला बटणाला हातच लावू दिला नाही. नुसतं उभं राहायला शिकवलं. कोपरं पोटाशी, पाय फाकलेले, श्वास सोडून मग हलायचं. डोक्यावर किती मोकळी जागा ठेवायची, माणूस ज्या बाजूला बघतो त्या बाजूला जागा का सोडायची, हे ते खडूनं फळ्यावर काढून दाखवत. आणि मग आली ती रेषा. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामधून एक रेषा जाते असं धरायचं आणि कॅमेरा कायम तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. ओलांडली की बट्ट्याबोळ. मी अर्थातच ओलांडली. चहाच्या टपरीवर दोन वर्गमित्रांचं भांडण चित्रित करून आणलं, तर जोडल्यावर दोघंही एकाच दिशेला बघत तावातावानं बोलत होते, जणू दोघं मिळून न आलेल्या एसटीला शिव्या देतायत. सर म्हणाले, "संगीताबाई, हे भांडण नाही, हा मोर्चा आहे." वर्ग हसला. मला वर्गाचा राग आला आणि त्या रागानं मी शिकले.

वर्ष पास व्हायला प्रत्येकानं एक छोटी फिल्म करायची होती. सरांची अट साधी होती. दोन माणसं, एक दार, एक वस्तू. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली पाहिजे, दोघं बोलले पाहिजेत, आणि बघणाऱ्याला कुठंही तुटल्याचं कळता कामा नये. मी म्हटलं, आपल्याकडे दार आहे आणि माणसंही आहेत. नवरा रिसोडला निघालाय, बायको दारात येऊन त्याला भाकरीची पिशवी देते, तो म्हणतो, "येतो सांजच्या गाडीनं," ती म्हणते, "या लवकर." एवढीच गोष्ट. आईला सांगितलं तर ती पदर तोंडाशी धरून हसत सुटली. बाबांना सांगितलं तर त्यांनी पट्टा उतरवला आणि विचारलं, "कधी काढतं?" आमचा आवाज ऐकून आत्या बाहेर आली, काय ते समजून घेतलं, आणि म्हणाली की जोडप्याचा फोटो निघतो तिथं मी कायले, मी आपली मागं गहू निवडत बसते.

त्या दिवशीचं ऊन अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे, पण ते आठवणीतलं आहे की टेपवरचं, हे आता मला सांगता येणार नाही. आधी मी लांबचा शॉट घेतला, दार, अंगण, दोघंही त्यात. आई दाराच्या सावलीत, हिरव्या बांगड्या, कुंकू, पदर गळ्याशी आवळून डोक्यावरून घेतलेला. बाबा अंगणात पिशवी घेताना. मग सरांनी शिकवल्याप्रमाणे एका बाजूचं सगळं आधी संपवायला घेतलं. कॅमेरा दाराशी लावला, तोंड बाबांकडे. आई कॅमेऱ्याच्या शेजारी, चौकटीबाहेर उभी राहून आपलं वाक्य म्हणे, म्हणजे बाबांना बघायला कोणीतरी असेल. बाबा वाक्य ओरडायचे. "येतो सांजच्या गाडीनं!" आख्ख्या गल्लीला कळलं असेल कोण कोणत्या गाडीनं येतंय. आई हसायची आणि तिच्या हसण्यानं बाबा पुढचं विसरायचे. मध्ये जेवायला थांबलो. आंबाडीची भाजी, भाकर आणि कच्चा कांदा. जेवून बाबा तोंड धुऊन आले आणि मी कॅमेऱ्यातून पाहते तर काय, भुवया काळ्याभोर. सकाळी पांढऱ्या, दुपारी काळ्या. मी डोक्याला हात लावला. बाबांना मी सांगितलं तेव्हा त्यांना ते इतकं आवडलं की गिरणीत जाऊन, पिठाच्या पेटीत वाकून ते तोंड भरून घेऊन आले आणि चौकटीला पांढरा हात टेकून म्हणाले, "घे, झालो पयल्यासारखा." त्यांचा हात चौकटीवर उमटून राहिला, म्हणून लांबचा शॉटही मी पुन्हा घेतला.

त्यांच्या बाजूचं सगळं मनासारखं झालं. कॅमेरा फिरवून आईची बाजू घ्यायची, तर बॅटरी संपली. लाइन नव्हती. संध्याकाळी आली तोवर ऊन गेलेलं. कॅमेरा दुसऱ्या दिवशी परत करायचा होता. मी आईला म्हटलं, तुझं पुढच्या खेपेला. ती म्हणाली, "माहं काय पळून चाललं."

बाबा त्यानंतरच्या आठवड्यात गेले. गिरणी चालू होती. एका बाईनं डबा सरकवला आणि पाहिलं तर ते पेटीला धरून खाली बसले होते. जीप मिळाली, वाशीमच्या रस्त्याला लागली आणि अर्ध्या वाटेतून परत आली. मी त्या वेळी कॉलेजात होते. घरी पोचले तेव्हा गिरणी तशीच सुरू होती. पट्टा उतरवायचं कोणाला सुचलं नव्हतं, रिकामे दगड एकमेकांवर घासत होते आणि त्या आवाजात बाया रडत होत्या. पट्टा मी उतरवला. मला वाटलं होतं, आवाज थांबला की बरं वाटेल.

पुढचं मला लिहायचं नव्हतं, पण ते टाळलं तर या प्रकरणाला अर्थ नाही. बाबांना उचलण्याआधी आईला त्यांच्यापाशी बसवलं. तिच्या कपाळाला ओलं फडकं लावलं. मंगळसूत्र काढून बाबांच्या छातीवर ठेवलं, ते त्यांच्याबरोबरच गेलं. बांगड्या आत्यानं फोडल्या, कारण ते काम विधवेचं. आईचे हात उंबऱ्यावर धरून तिनं पाट्याचा वरवंटा आपटला. आयुष्यभर 'वाढली' म्हण म्हणून माझ्या पाठीत धपाटे घालणारी आत्या, भोवतालच्या बायांना म्हणाली, "धरा तिले, फोडू द्या." आईच्या मनगटातून रक्त आलं. तिनं हात ओढून घेतला नाही. आत्याही रडत होती, हे मला सांगितलं पाहिजे, आणि तरीही मी तिच्या अंगावर धावून गेले आणि दोघी-तिघींनी मला मागच्या खोलीत नेऊन बसवलं. त्या खोलीत परातीत निवडलेला गहू तसाच होता.

तेरा दिवस गिरणी बंद, चूलही बंद. भावकीतून बिनफोडणीचं वरण आणि भात यायचा. मी तो गिळायची. कॉलेज सोडण्याविषयी आत्या बोलायला लागली होती. बाप नाही, आता पोरीनं जीपमधून कायले फिरावं, एखादं स्थळ पाहून टाकू. आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. गावंडे सर एकदा येऊन गेले. ओट्यावर चहा न घेता बसले आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले की जेवढं चित्रित झालंय तेवढं जोडून दे, लांबच्या शॉटवर चालवून घेऊ, वर्ष वाया घालवू नकोस. फिल्म दिली नाही तर वर्ष जाणार होतं, आणि वर्ष गेलं तर आत्याच्या बोलण्याला उत्तर उरणार नव्हतं. म्हणून तेराव्यानंतर मी वाशीमला गेले आणि विभागातल्या संगणकासमोर बसले. जोडण्याचं काम मला तिथं खऱ्या अर्थानं समजलं. हालचालीच्या मध्यावर कापायचं. हात पिशवीकडे निघाला की लांबच्या शॉटमधून काढायचं आणि पिशवी हातात पडताना जवळच्यात जोडायचं, म्हणजे डोळा हालचालीमागे जातो आणि जोड त्याला दिसत नाही. हे करायला बाबांचा हात पुन:पुन्हा पुढे आणावा लागे, थांबवावा लागे, मागे न्यावा लागे. पडद्यावर ते माझं सगळं ऐकत होते. मी जेवायच्या सुट्टीतही उठत नसे. सरांना वाटलं पोर अभ्यासू आहे.

झालं तेवढं मी टेपवर घेतलं आणि कॅमेऱ्यासकट घरी आणलं. आईनं पाहायला मागितलं होतं. कॅमेऱ्याच्या त्या तळहाताएवढ्या पडद्यावर आम्ही दोघींनी डोकं डोक्याला लावून पाहिलं. आत्या देवळात गेली होती. बाबा निघतात, वळतात, ओरडतात, "येतो सांजच्या गाडीनं!" मग चौकटीबाहेरून आईचा नुसता आवाज, "या लवकर." मग लांबचा शॉट, दारात सावली.  मी म्हटलं, "पुन्हा लावू?"

"मी कोठी हाय यात?"

"ती काय, दारात."

"ते तं कोनीबी असीन. तोंड दिसते का माहं?" तिनं बोटानं पडद्यावर बाबांचा चेहरा दाखवला. "हे पाय. ते येतो म्हून राह्यले. अन् समोर कोनीच नाई. रिकाम्या दाराशी बोलून राह्यला मानूस, असं दिसते. म्या उत्तर देलं होतं ना त्याईले."

मी तिला समजावलं. तुझी बाजू राहिली, आता ती घेता येत नाही, घेतली तर जुळायला हवी, लांबच्या शॉटमध्ये तुझ्या हातात बांगड्या आहेत, कपाळाला कुंकू आहे. हे बोलताना मी तिच्याकडे पाहत नव्हते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग घालू."

"आई, आत्या जीव घेईल."

"त्या कामरगावले जाऊन राह्यल्या परवा, पुतण्याच्या घरी. तवा घालू." आणि मग अगदी हलक्या आवाजात, "मले ठाव हाय हे पाप म्हनतीन. पर त्याईले उत्तर देल्याबिगर मले असंच ठिवू नको संगे."

मी त्या वेळी केवढी तरी घाबरले होते. कोणी पाहिलं असतं तर आईला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. नवरा गेला तर नटते, असं एकदा तोंडातून निघालं की ते दळणासारखं घरोघरी पोचतं. शिवाय आत्याच्या छपराखाली आम्ही नव्हतो हे खरं, पण आत्याच्या शब्दाखाली होतो. तिनं आईशी बोलणं टाकलं असतं तर त्या घरात दोघी विधवा आयुष्यभर पाठीला पाठ लावून बसल्या असत्या. तरीही मी रिसोडला गेले. बाजारात बसणाऱ्या मन्यार चाचीकडे, जिनं माझ्या जन्माआधीपासून आमच्या घरात बांगड्या भरल्या होत्या. मी आईचं माप सांगितलं. तिचा हात पेटीवरच थांबला. "तेरी माँ का माप है ये," ती म्हणाली. मी काहीतरी सांगणार होते, फिल्म, कॉलेज, पण नुसती पैसे मोजत राहिले. चाचीनं माझ्याकडे पाहिलं, मग पेटीतून अगदी तशाच हिरव्या काढल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, पैसे घेतले आणि म्हणाली, "साबन लगाके घालजो. रोनेवाली का हात सुजता है बेटा."

आत्याची जीप गेली त्या दुपारी आम्ही फाटकाला आतून कडी लावली. सोयाबीनची सोंगणी सुरू होती, गल्ली रिकामी होती. आता घर तसंच करायचं होतं जसं ते त्या दिवशी होतं. मी टेप थांबवून थांबवून सांगायची आणि आई लावायची. पण तिला बहुतेक आधीच माहीत असायचं. कोणतं लुगडं, निऱ्या कोणत्या बाजूला खोचल्या होत्या, उंबऱ्यावरची रांगोळी. त्या दिवशी खुंटीला बाबांचा टॉवेल होता, तो आता देऊन टाकला होता; तिनं त्या रंगाचं फडकं घडी करून टांगलं. मी चपलांचं विचारलं तर म्हणाली, "त्या पायात घालून तं निघाले होते ते. उंबऱ्यापाशी काही नव्हतं." मग माझं लक्ष चौकटीकडे गेलं. पिठाचा पांढरा हात. तेराव्याच्या आधी घर धुऊन काढलं तेव्हा तो गेला होता. आईनं डब्यातून पीठ आणलं, आपला हात बुडवून चौकटीला लावला, पाहिलं आणि पदरानं पुसून टाकला. "लहान पडते. तू लाव. तुहा त्याईच्यासारखा हाय." मी लावला. खरंच जुळला.

कुंकू देव्हाऱ्यातलं घेतलं. तिनं आरशात न पाहता लावलं, आणि ते बरोबर मध्यावर बसलं. बांगड्या साबण लावून मी चढवल्या. मनगटावरचे ओरखडे अजून गुलाबी होते. ती उंबऱ्यात जाऊन उभी राहिली आणि मी कॅमेऱ्यातून पाहिलं. मला वाटलं मला रडू येईल. ते आलं नाही. मी डोक्यावरची मोकळी जागा तपासली.

नजर जुळावी म्हणून सरांनी एक युक्ती सांगितली होती. समोरचं माणूस नसेल तर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर खूण करायची. मी एक बांबू रोवून त्याला दोरी बांधली. आई म्हणाली, "काढ तो. मले मालूम हाय ते कोठवर येत." मी बांबू काढला. मग सुरू करायच्या आधी ती म्हणाली, "त्याईचं कोन म्हनीन?" मी म्हणते म्हटलं. मी हळूच म्हणाले, "येतो सांजच्या गाडीनं." आईनं पिशवी पुढे केली, मी कॅमेऱ्याखालून ती धरली, पण तिनं सोडली नाही. आम्ही दोघी पिशवी धरून उभ्या. तिचा ओठ हलला, आवाज आला नाही. मी कॅमेरा थांबवला.

"असं नाई," ती म्हणाली. "ते असं हळू कधी बोलले? जोरानं म्हन."

"कोणी ऐकेल."

"आयकू दे."

मी ओरडले. बाबांसारखं, पोटातून, "येतो सांजच्या गाडीनं!" आणि त्याच क्षणी फाटक वाजलं. बाहेरून एक बाई विचारत होती, "गिरणी चालू केली का वं माय?" आई दारातून सरकलीसुद्धा नाही. तशीच उभी राहिली, कुंकू लावून, आणि तिच्या छातीचा भाता हलताना मला दिसत होता. मी फाटकाला आतून पाठ लावली आणि ओरडून सांगितलं की लाइन नाही. "मंग आत गडी मानसावानी कोन बोलून राह्यलं?" मी म्हटलं, "मीच. कॉलेजातलं पाठांतर करून राह्यली." ती बाई काहीतरी पुटपुटली, डब्याच्या कडीचा आवाज आला, आणि पावलं दूर गेली.

मी परत कॅमेऱ्यामागे आले. शॉट हलू नये म्हणून कोपरं पोटाशी घेतली, श्वास सोडला. आई म्हणाली, "आता पुन्हा." मी पुन्हा ओरडले, आणि या खेपेला माझा आवाज मध्येच फाटला, थेट बाबांचा फाटायचा तसा. आईला हसू आलं. खरं हसू, पदर तोंडाकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला. ती माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या शेजारी, माझ्या डोक्याच्या वर जिथं बाबांचा चेहरा आला असता तिथं पाहत होती. म्हणाली, "या लवकर." आणि पिशवी सोडली. मला थांब म्हणायचं होतं, पण ती तिथंच पाहत राहिली आणि मी टेप फिरू दिली. मग तिनंच मान वळवली आणि विचारलं, "झालं का?"

बांगड्या तिनं फोडू दिल्या नाहीत. पुन्हा साबण लावून एकेक उतरवली आणि माझ्या हातात सरकवली. कुंकू तिनं आपल्या हातानं पुसलं. मी वळून सामान आवरत होते तेव्हा ती मोरीपाशी बसून रडली. तेरा दिवसांत लोकांसमोर रडली होती त्याहून वेगळं, आवाज न करता. मी जवळ गेले नाही. कधीकधी वाटतं जायला हवं होतं, कधी वाटतं बरंच केलं.

ऊन महिनाभरात कललं होतं, चौकटीची सावली थोडी लांब पडली होती. सरांनी पाहिलं तेव्हा त्यांना सावलीच तेवढी दिसली. "जुळलंय," ते म्हणाले, "आईची बाजू आधीच घेतली होतीस तर! मग बोलली का नाहीस?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, त्यांनी विचारलं नाही. मी पास झाले. कॉलेज सुटलं नाही, आणि गिरणी पुढं कितीतरी वर्षं आईनंच चालवली, डोक्याला फडकं बांधून.

सरांनी फिल्मची सीडी करून दिली. शेजारच्या घरातून प्लेयर आणला, बाया जमल्या, आत्यालाही बोलावलं. या खेपेला ती मागच्या खोलीत गेली नाही. भावाला पाहायचं म्हणून टीव्हीच्या अगदी जवळ चष्मा पुसून बसली. बाबा दारातून निघाले तेव्हा बाया हुंदके द्यायला लागल्या. बाबा ओरडले. मग पडद्यावर आई आली, दारात उभी, कपाळभर कुंकू, बांगड्या किणकिणल्या, हसली, म्हणाली, "या लवकर." मी मोजून ठेवलेला तो जोड, हालचालीच्या मध्यावरचा, कुणालाही दिसला नाही.  आत्यानं डोळ्यांना पदर लावला, दुसऱ्या हातानं आईचा गुडघा धरला आणि बायांना म्हणाली, "पाहा वं बापा, पाहा. माहा भाऊ समोर होता तवा कशी हासे ही. आता असं हासू या जल्मात याचं नाई हिच्या तोंडावर."

 आई पडद्याकडेच पाहत होती. मग तिनं आपले मोकळे हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "समोरच होते ते, बाई."